भरल्या ताटावरून

३ जानेवारी, शुक्रवार

सर्वांची खुशाली विचारून मग पुढचं लिहावं, ही माझी जुनी रीत. खानावळीत जेवणाऱ्या गड्यांची पत्रं मी गावाला लिहायची. लिहिता-लिहिताच लिहायला शिकले, शाळा अशी नाहीच. आता सुनेने वही दिलीय आणि म्हणते, "आई, रोजचं लिहा." पत्राशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही मला, म्हणून घरात बसून घरातल्यांचीच खुशाली विचारते. हसायचं तर हसा.

राजेश, कसा आहेस बाबा? मनगटावरची भाजल्याची खूण सुकत आली. जेवण अर्धं. झोप किती ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मधुरा, तुझी ॲसिडिटी कशी आहे? उपाशीपोटी चहा पिऊन लॅबच्या काउंटरवर उभी राहतेस, दुसरं काय होणार.

पूर्वीबाय, तुझा खोकला गेला ना? नववीचं वर्ष आहे, मोबाइल कमी.

मालनबाई, म्हणजे मीच, तुमचे गुडघे? आहेत आपल्या जागी.

आणखी एक नाव लेखणीच्या टोकाशी आलं होतं. ते माघारी पाठवलं.

वही कशासाठी ते लिहून ठेवते. राजेश अग्निशमन दलात आहे, सतरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात परळच्या बाजूला एका टॉवरला आग लागली. त्याने चौदाव्या मजल्यावरून चार वर्षांचा मुलगा खांद्यावर घालून खाली आणला. पेपरात फोटो आला. साहेबांनी सुट्टी दिली. तेव्हापासून तो घरात आहे आणि नाहीही. मधुरा म्हणाली, "मी दिवसभर कामावर असते. तो काय खातो, काय बोलतो, कसा वागतो, सगळं लिहा. डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर सांगता येईल." मी म्हटलं, डॉक्टर कशाला, घरचं खाऊन-पिऊन माणूस आठ दिवसांत सरळ होतो. तरी लिहिते.

आजचं: वेताची खुर्ची त्याने उचलून गॅलरीत ठेवली. "अडचण होते," म्हणाला. तीस वर्षं नाही झाली ती. स्वतः जमिनीवर बसून जेवला. मी आपली नेहमीसारखी ओट्याशी, उभ्याने. पूर्वी म्हणते, "आजी, तू घोडा आहेस का, उभ्याने खायला?" खानावळीची सवय, जाते थोडीच.

५ जानेवारी, रविवार

आज जीव सुपाएवढा झाला. गुणाजी आले होते. चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण आवाज अजून गिरणीच्या भोंग्यासारखा. माझ्या खानावळीतले जुने गडी. अजून मला वयनीच म्हणतात.

"काय गो वयनी, झील खंय तुझो?"

झील, म्हणजे राजेश, मोरीत होता. गुणाजी मग मलाच सांगत बसले. "सव्वीस जानेवारीक सत्यनारायण आसा. तेव्हाच सत्कार करूचो. शाल, नारळ. आणि डेकोरेटरकडसून मोठी खुर्ची सांगतंय, लाल मखमलीची. राजासारखो बसवतलंव त्येका."

राजेश टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "नको काका."

"अरे, लाजतंस कित्याक?"

"लाजत नाही. नको."

तो गॅलरीत गेला. मी गुणाजींना हळूच म्हटलं, "तुम्ही करा तयारी. मी त्याला समजावते. शब्द दिला." आमच्या चाळीत आजवर सत्कार झाला तो शिकलेल्यांचा, कोणी सीए झाला, कोणी परदेशी गेला. माझ्या पोराने कोणाचा तरी जीव वाचवला. मला नको का वाटायला? ह्यांच्या माघारी एकटीने वाढवलाय त्याला.

त्या आगीत एक म्हातारे गृहस्थ गेले, असंही पेपरात होतं. एवढंसं, खाली. आयुष्याची दोरी, दुसरं काय.

९ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

संध्याकाळी पूर्वीला चित्राच्या वहीसाठी कोणाचं तरी चित्र काढायचं होतं. तिने गॅलरीतली वेताची खुर्ची आत ओढली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, इथंच बसा हं, हलायचं नाही. मी पेन्सिल घेऊन आलेच."

राजेश एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या बिऱ्हाडाचा टीव्ही बंद झाला. "कोणाला बसायला सांगतेस? कोणाला सांगतेस तू?" पोर भिंतीला चिकटली. त्याने कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. मग स्वतःच तिच्यापुढे बसला, हात जोडले. बापाने लेकीला हात जोडावेत, मला बघवेना.

मधुरा आल्यावर म्हणाली, "आई, आपण दाखवू या कोणाला तरी." मी म्हटलं, "दृष्ट लागलीय. पेपरात फोटो आला, हजार डोळे पडले. काढते मी."

ती म्हणाली, "आई, प्लीज."

१२ जानेवारी, रविवार

मी केलं ते मीच लिहिते. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं.

दुपारी जेवणं झाल्यावर मीठ-मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या राजेशवरून उतरवल्या. तो पाठमोरा पेपर वाचत होता, हातभर लांबूनच उतरवलं. मधुरा खाली दळण आणायला गेली होती, म्हणूनच ती वेळ धरली. लोखंडी तव्यात निखारे केलेलेच होते. त्यावर सगळं टाकलं.

मिरच्यांचा धूर झाला. व्हायचाच. दृष्ट असली की खकाणा येत नाही म्हणतात, आज मात्र आला, डोळ्यांना धारा.

राजेश उठला. त्याचा चेहरा मी ओळखला नाही. त्याने एका हाताने पूर्वीला कमरेत उचललं, चौदा वर्षांची घोडी, गॅलरीत नेऊन जिन्याकडे ढकललं. आत येऊन मला खांद्यावर घेतलं. मी ओरडतेय, "अरे, मिरच्या आहेत, मिरच्या," आणि तो म्हणतोय, "चालायचं, बसायचं नाही, चालायचं." मला जिन्याशी उतरवून परत आत. पाण्याची बादली तव्यावर. मग तो रिकाम्या घरात ओरडत होता, "आजोबा, आजोबा."

आमच्या घरात आजोबा नाहीत. सासरे जाऊन पस्तीस वर्षं झाली.

सगळी चाळ गॅलरीत. कोणीतरी पोरगा हसला, त्याला आईने चापट मारली. राजेश ओल्या फरशीवर उभा होता, हातात रिकामी बादली. मला म्हणाला, "सॉरी आई." माझ्या पोराने माझी माफी मागावी, आणि तवा माझा.

मधुरा दळण ठेवून फरशी पुसत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या, गुळाच्या पोळ्या केल्या. राजेशला वडी दिली, तर हातातच धरून बसला. मग विचारलं त्याने, अगदी लहानपणी विचारायचा तसं,

"आई, माणसाला बस म्हटलं की तो बसतोच का गं?"

मी म्हटलं, "बसतो की. भरवशाच्या माणसाने सांगितलं तर बसणारच."

"उठून जाणार नाही?"

"कशाला जाईल? आता येतो म्हणून सांगितलेलं ना कोणी?"

तो वडी खिडकीत ठेवून उठला. मुंग्या लागल्या तिला.

काय चुकीचं बोलले मी, कळेना.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज घरात शांतता आहे. देवाला साखर ठेवली.

राजेशने सकाळी दाढी केली. मग कपाट आवरायला काढलं. जुने कपडे बांधून वॉचमनला दिले. विम्याचे कागद, गॅसचं पुस्तक, पूर्वीच्या शाळेचे दाखले, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर नावं लिहिली. मला दाखवलं, "आई, हे इथे असतं. लक्षात ठेव. मधुराला सापडायला हवं." आपलं घड्याळ पूर्वीला दिलं. ती म्हणाली, "पप्पा, मला मोठं होतं." तर म्हणाला, "होशील मोठी."

दुपारी माझे पायही चेपून दिले. म्हणाला, "आई, तू खूप केलंस."

बोलला, हसला, आवराआवर केली. म्हटलं होतं ना, आठ दिवसांत सरळ होतो, पंधरा लागले एवढंच. आता सत्काराचं परत काढायला हरकत नाही. गुणाजींनी बॅनर छापायला दिलाय.

१८ जानेवारी, शनिवार

अक्षर वाकडं येईल.

सकाळी मधुराने डबा भरता-भरता ही वही उघडली. कालचं वाचलं. डब्याचं झाकण तिच्या हातून खाली पडलं. मला मोरीत ओढून हळू आवाजात म्हणाली, "आई, तो आवरत नाहीये. तो निघालाय."

"कुठे निघालाय?"

तिने वहीतलं घड्याळाचं वाक्य बोटाने दाखवलं. मग मला कळलं. साठ-सत्तर पावसाळे काढले म्हणतो आपण, आणि डोळ्यांसमोरचं दिसत नाही. मी साखर ठेवली होती देवाला.

मधुरा बाहेर गेली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि सरळ विचारलं, "राजेश, मरावंसं वाटतंय का तुला?"

असा शब्द घरात तोंडातून काढू नये, असं आम्हाला शिकवलेलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "हो." आणि रडला. पहिल्यांदाच, त्या दिवसापासून.

टॅक्सी करून तसेच परळच्या मोठ्या इस्पितळात. मनाच्या डॉक्टरांची ओपीडी. डॉक्टरीणबाई उर्वी नावाच्या, आमच्या पूर्वीची मोठी बहीण शोभतील एवढ्याच वयाच्या. घाई नाही केली. राजेश म्हणाला, "आईला आणि मधुराला राहू दे." मग बोलला. त्याच्याच शब्दांत लिहिते.

"चौदाव्या मजल्यावर दोघंच होते, मुलगा आणि त्याचे आजोबा. मुलाला उचललं की दुसरा हात मोकळा राहत नाही. आजोबांचे गुडघे गेलेले, भिंत धरून चालायचे. मी त्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, आजोबा, इथंच बसा, उठू नका, मी आलोच. ते म्हणाले, बरं बाळा. खाली पोचलो तर जिना धुराने भरला. साहेबांनी परत सोडलं नाही. त्यांचं बरोबर होतं, मीही सोडलं नसतं. दोन तासांनी गेलो. ते खुर्चीतच होते. हात मांडीवर. दुसऱ्या बाजूचा जिना मोकळा होता, मॅडम, हे तेव्हा कळलं. खुर्चीपासून त्या दारापर्यंत अठरा पावलं. मी बसा म्हणालो नसतो तर ते भिंत धरून गेले असते. त्यांनी माझं ऐकलं."

मी म्हणायला गेले, "अरे, तुझी काय चूक," तर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तेवढं असं. राजेशला दोन गोष्टी झाल्यात. एक म्हणजे धूर आला, कोणी बस म्हणालं, की अंग आपोआप धावत सुटतं. आग विझलीय हे अंगाला अजून कळलेलं नाही. त्यावर औषध आहे, उपचार आहेत. दुसरी जखम वेगळी. आपण ज्याला बरोबर मानतो, त्याच्या उलट आपल्याच हातून घडलं, ती. तिथे भीती नसते, लाज असते. तिला 'तुझी चूक नाही' म्हणत राहिलं की माणसाला वाटतं, ह्यांना कळलेलंच नाही, आणि तो आणखी एकटा पडतो.

"मग म्हणायचं काय?" मी विचारलं.

"आधी ऐकायचं, आजी. आणि बोलायचंच तर खरं बोलायचं."

मला राहवेना. "ही जखम किती वर्षं राहते हो?"

त्यांनी लिहिता-लिहिता वर बघितलं. "कोणाची विचारताय?"

"असंच," म्हटलं.

गोळ्या मधुराच्या ताब्यात. त्याला एकट्याला सोडायचं नाही. वाईट विचार आला की आमच्यापैकी कोणालातरी सांगायचं, त्याने कबूल केलंय. मंगळवारी परत.

येताना टॅक्सीत तो म्हणाला, "आई, त्या खुर्चीत मला बसवू नका."

लाल मखमलीची खुर्ची. मी शब्द दिला होता.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी मधुरा आणि राजेश इस्पितळात गेले, मी गुणाजींच्या खोलीवर. बॅनर आलेला. कॉटवर पसरून बघत होते. माझ्या पोराचा फोटो माणसाएवढा, खाली 'आमचा वाघ'.

"सत्कार नको, भावजी."

"येडी काय गो? लोकांका सांगून झाला. चार माणसांत शब्द दिलंस तू."

मी सगळं सांगितलं. आजोबांचं, खुर्चीचं, अठरा पावलांचं. ते ऐकत होते, पण मान हलत होती. "अरे, पण पोर वाचला मा? ह्येच्यात त्येचा पाप काय? मनाक लावन घेता तो. तू समजाव. काळ गेलो की माणूस इसरता."

"विसरतो?"

"इसरता."

मी म्हटलं, "तुम्हाला रघु आठवतो, भावजी?"

इतक्या वर्षांत ते नाव आमच्यापैकी कोणी घेतलं नव्हतं. गुणाजींचा हात बॅनरवर होता, तिथेच राहिला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"तां कित्याक आता?"

"आठवतो का?"

त्यांचा तो भोंग्यासारखा आवाज पार बसलेला. "गावाक गेलंय की त्येच्या वाडीपर्यंत जातंय. दरवर्साक. आंब्याकडे उभो ऱ्हवतंय आणि परत येतंय. दारात जावक पाय होत नाय." मग म्हणाले, "वयनी, तुका मीच बोललंय तेव्हा. तू आपणहून नाय केलंस."

"शब्द तुमचा होता. तोंड माझं होतं."

त्यांनी बॅनरची गुंडाळी केली. कॉटखाली सारली. "खुर्ची नको म्हणान सांगतंय डेकोरेटराक. पूजा करूया, जेवण करूया. बस."

चाळीचं नाक गेलं असेल. जाऊ दे.

२६ जानेवारी, रविवार

चि. राजेश यास,

आजचं वहीसाठी नाही लिहीत, तुला लिहिते. तोंडाने सांगायला गेले की मी विषय बदलते, तुला माहीत आहे. तू म्हणशील, आई एकाच घरात राहून पत्र लिहिते. रघुचं पत्रही मीच लिहायची, म्हणून हे असंच लिहायला हवं.

रघु आपल्या खानावळीत जेवायचा. कुडाळकडचा. जेवताना गोष्टी सांगायचा, भाकरी मोडून आधी थोडी बाजूला ठेवायचा, शेवटी खायचा. म्हणायचा, "वयनी, शेवटचो घास सुक्कोच बरो." गिरण्यांच्या संपाच्या दहाव्या महिन्यात त्याच्या गावाहून पत्र आलं, धाकटी मुलगी आजारी. ते मीच वाचून दाखवलं. घरात विकायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तो लपून गिरणीत कामाला गेला. का गेला ते त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं.

त्या दुपारी तो जेवायला बसला. मी वाढलं. पहिला घास हातात होता. गुणाजी म्हणाले, "ह्यो बसलो तर आमी उठतंव." आठ जणांनी हात थांबवले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पंचविशीची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, खानावळ माझ्या हातात. मी म्हटलं, "रघु, ऊठ."

त्याने घास परत ताटात ठेवला. ताट सरकवलं नाही, पाय लागू दिला नाही. हात धुतला आणि गेला. भरल्या ताटावरून उठवू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. परत कधी दिसला नाही. मुलीचं काय झालं, मला माहीत नाही. विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची छाती नव्हती.

तू म्हणशील, आई, तुझा इलाज नव्हता. नव्हता. आणि तरी ऊठ मीच म्हटलं. दोन्ही खरं आहे, आणि बेचाळीस वर्षं दोन्ही सोबत घेऊन मी पोळ्या लाटतेय. तू बस म्हणालास आणि तो माणूस गेला. मुलाला तूच खाली आणलंस. तेही दोन्ही खरं आहे. चूक नाही असं मी म्हणणार नाही. तू एकटा आहेस असंही म्हणू देणार नाही.

उभ्याने जेवायचं मी खानावळीवर ढकलत आले. ती बंद झाली तेव्हा तू दहावीत होतास. तरी उभ्याने का जेवते, हे मला त्या शनिवारी टॅक्सीत कळलं.

आता आजचं. पूजेनंतर पंगत बसली, तू आमटीची बादली घेऊन फिरत होतास. मी वाढायला उभी राहिले तर तू माझ्या हातातला डाव काढून घेतलास. तोंड उघडलंस आणि थांबलास. तो शब्द तुझ्या तोंडातून निघेना, मी बघत होते. मग तू पाट नीट केलास, हाताने दाखवलास. मी बसले. गुणाजी शेजारी होते, त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पाच घास गेले, बाळा. सहावा परत ताटात ठेवला आणि मी उठले. तू ताट झाकून ठेवलंस. नंतर मी ते संपवलं, ओट्याशी. पण पाच घास बसून गेले.

तुला त्या आजोबांच्या मुलीला भेटायचंय, असं मधुरा म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको, आधी बळ येऊ दे. जाशील तेव्हा मी बरोबर येईन. आणि गुणाजींना म्हटलंय, ह्या शिमग्याला कुडाळला मलाही न्या. आंब्यापाशी दोघं उभे राहू. पुढे पाय निघाले तर निघाले.

पत्राच्या शेवटी खुशाली विचारायची राहिली. राजेश, कसा आहेस? खरं लिही. 'बरा आहे' लिहू नकोस, तेवढं मला घरबसल्या कळतं. वाईट असलं तर वाईट लिही, आणि त्याच दिवशी लिही.

वही तुझ्या उशाशी ठेवते. पुढची पानं कोरी आहेत, पेन आत आहे. हा फेब्रुवारी, मार्च, सगळं वर्ष पडलंय. मला रोज सकाळी बघायची सवय लागेल, पोस्टमनची बघायचे तशी.

उत्तर लवकर लिही.

तुझी आई,
मालन